गार्डच्या डब्याचे किट: दिवे जोडण्याआधी हे वाचा

मालगाडी स्टेशनातून पुढे गेली की स्टेशनमास्तर शेवटच्या डब्याची खूण बघतात. दिवसा एल.व्ही.ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी, रात्री लाल दिवा. ती दिसली म्हणजे गाडी मध्येच तुटलेली नाही, पूर्ण आली. परळीच्या औष्णिक केंद्राला कोळसा नेणाऱ्या गाडीलाही हीच कसोटी. म्हणून या मॉडेल डब्याचा मागचा दिवा नीट पेटावा, याचा आमचा आग्रह आहे.

किट १:८७ म्हणजे एच.ओ. मापाचे, १६.५ मि.मी. रुळासाठी. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी.चा, हिशेबाने १९.३ मि.मी. रूळ हवा. पण बाजारात इंजिने आणि रूळ १६.५चेच मिळतात, तेव्हा चाकांपुरती ही तडजोड केली आहे.

पाकिटात चाकांच्या २ जोड्या, १ ब्रिज रेक्टिफायर (विजेची दिशा एकच ठेवणारा भाग), ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, लाल व वॉर्म व्हाइट एलईडी, ४.७ किलोओहमचे २ आणि १०० ओहमचा १ रेझिस्टर, शिवाय ०.३ मि.मी.ची फॉस्फर ब्राँझ तार आहे.

सर्वात आधी चाके. प्रत्येक जोडीतले एकच चाक आसाला विजेने जोडलेले असते, दुसऱ्यात वीज अडवणारी प्लास्टिकची बुशी असते. एका जोडीची बुशी डावीकडे ठेवा, दुसरीची उजवीकडे. दोन्ही एकाच बाजूला गेल्या तर वीज एकाच रुळावरून येते, दिवा लागत नाही, आणि बिचारा एलईडी विनाकारण बदलला जातो. ब्राँझची तार आसाला हलकेच टेकवा. जास्त दाबली तर ती ब्रेकचे काम करते. ३० सें.मी.च्या फळीचे एक टोक १ सें.मी. उचला, डबा आपोआप घरंगळला पाहिजे.

दोन्ही तारा रेक्टिफायरच्या एसी टोकांना जोडा, म्हणजे गाडी उलटी चालली तरी दिव्याला मिळणाऱ्या विजेची दिशा बदलत नाही. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र ४.७ किलोओहम द्या. १२ व्होल्टला साधारण २ मिलिअँपिअर वीज जाते. एवढ्याशा डब्याला ती भरपूर आहे. कपॅसिटर १०० ओहममधून जोडा, नाहीतर डीसीसीवर (डिजिटल कंट्रोलवर) गाडी रुळावर ठेवताच कंट्रोलरला तो शॉर्ट वाटतो. रुळाच्या सांध्यावर चाक क्षणभर सुटले तरी हाच कपॅसिटर दिवा तेवत ठेवतो. कपॅसिटरची वजा बाजू उलटी लागली तर तो फुगतो, हे विसरू नका. एलईडीला कावीया (सोल्डरिंग आयर्न) दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.

साध्या डीसी कंट्रोलरवर गाडी थांबली की दिवा विझणारच. लाल दिव्याला रुळात किमान साडेतीन व्होल्ट लागतात, पांढऱ्याला त्याहून जास्त. यात किटचा दोष नाही. डीसीसीवर रुळात वीज कायम असते.

डबा आतून आधी काळा, मग पांढरा रंगवा. काळा नसेल तर प्लास्टिकमधून उजेड गळतो आणि भिंतीच चमकायला लागतात. खिडकीच्या काचेला फेविकॉल लावा. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकटते. तळाशी वजन घाला: अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार १० सें.मी. डब्याला सुमारे ८५ ग्रॅम. वजनाचे लोखंड तारांना लागू देऊ नका.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डबा पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवला तर त्याचे स्टायरीन प्लास्टिक वाकते. धूळ बसलेली चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी धरतो. छप्पर चिकटवू नका, नुसते दाबून बसवा. पुढे कधी तार सुटली तर तिथूनच हात घालावा लागेल.