‘ब्लूज’चं तुर्कीत काय करायचं?

डिप्रेशन मोजायला अमेरिकेत लेनोर रॅडलॉफ यांनी १९७७ साली २० वाक्यांची एक प्रश्नावली केली, त्यात एक वाक्य असं आहे की घरच्यांनी, मित्रमैत्रिणींनी मदत करूनही माझे ‘ब्लूज’ काही जाईनात (इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणजे निळा, आणि ‘ब्लूज’ म्हणजे उदासी). आता हे तुर्कीत कसं न्यायचं? तुर्कीत निळा म्हणजे ‘मावी’, आणि मावीचा उदास वाटण्याशी काडीचा संबंध नाही. तिथली माणसं म्हणतात ‘इचिम दारालियोर’, म्हणजे माझं आतलं आक्रसतंय, आपल्या ‘जीव घुसमटतोय’च्या अगदी शेजारचं. मला हे वाचून फार जवळचं वाटलं. पण म्हणून ते उचलून प्रश्नावलीत घातलं असं करता येत नाही, कारण त्या आक्रसण्यात चिंता, कंटाळा, कोंडी सगळंच येतं, मग आपण मोजतोय ते डिप्रेशनच का?

यावर रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली रीत अजून वापरतात. एकाने तुर्कीत आणायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघायचं. यात एक खोट आहे, शब्दाला शब्द लावलेलं वाईट भाषांतर परत जाताना मस्त जुळतं! म्हणून मला विचाराल तर खरं काम त्यानंतरचं, साध्या माणसांसमोर बसून विचारायचं की हे वाक्य वाचून तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा.

तुर्कीत आणखी एक अडचण आहे, ती नकाराची. ‘बिलियोरूम’ म्हणजे मला माहीत आहे, ‘बिल्मियोरूम’ म्हणजे माहीत नाही. क्रियापदाच्या पोटात एवढासा ‘म’ घुसला की अर्थ उलटा! आणि रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या स्वाभिमानाच्या स्केलमध्ये १० पैकी ५ वाक्यं मुद्दाम उलटी आहेत, म्हणजे ‘अभिमान वाटावा असं माझ्यात फारसं काही नाही’ अशी, तिथे ‘असहमत’वर खूण केली तर गुण जास्त. घाईत वाचणाऱ्याचा तो ‘म’ सुटला की खूण भलतीकडेच पडते आणि कागदावर मात्र दिसतं की हा माणूस स्वतःबद्दल काहीही बोलतोय. अल्फा नावाचा आकडा असतो, वाक्यं एकमेकांशी किती मेळ खातात ते सांगणारा, ०.७० च्या वर आला की लोक खूश होतात. पण मेळ बसला म्हणजे हवं तेच मोजलं गेलं असं नाही, सगळी वाक्यं मिळून भलतंच काही मोजत असतील तरी तो वरच येईल.

आणि मग कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपासून डिप्रेशन असावं असं धरायचं ती रेष. बेक यांच्या १९६१ च्या डिप्रेशन स्केलमध्ये २१ प्रश्न, ० ते ६३ गुण. नेसरिन हिस्ली यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ते तुर्कीत तपासलं, आणि तिथे १७ ही रेष धरतात. हा १७ त्या तुर्की वाक्यांचा आणि तिथल्या माणसांचा आहे, तो उचलून मराठी प्रश्नावलीखाली लिहिला तर १६ गुण पडलेल्या बाईला आपण ‘तुम्ही ठीक आहात’ म्हणून घरी पाठवू, आणि का पाठवलं ते आपल्याला सांगता यायचं नाही.