कुस्तीतील उत्तेजक द्रव्यसेवन (सोलापूर परिसर)

ताकद व दम कृत्रिमरीत्या वाढविण्यासाठी किंवा वजन झटपट उतरविण्यासाठी मल्लाने निषिद्ध औषधे घेणे. अकलूज, मोहोळ, माढा, करमाळा या भागांत जत्रेतील मातीच्या फडांची परंपरा जिवंत असल्याने सोलापूर जिल्ह्यात हा विषय खुराकापासून वेगळा काढून पाहता येत नाही.

मल्लांच्या पोषणाविषयीचा या प्रदेशाला जवळचा जुना आधार म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील मानसोल्लास (सु. ११२९–३१) हा ग्रंथ होय, सोलापूरचा प्रदेश त्या काळी चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे वर्ग, सराव व आहार यांची माहिती येते. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल या मल्लविद्या जोपासणाऱ्या समाजाचे मल्लपुराण तेराव्या ते सतराव्या शतकांदरम्यान केव्हातरी रचले गेले असावे; त्यातही मल्लाच्या आहाराचा विचार आहे. या उल्लेखांत उत्तेजक सेवनाचे मूळ शोधणे मात्र सयुक्तिक वाटत नाही. खुराक महिनोन् महिने जोर-बैठकांच्या जोडीने अंगी लावायचा असतो. उत्तेजकाचा परिणाम त्या एका लढतीपुरता हवा असतो.

तालमीत मेहनतीनंतर भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप व मिरी कुंडीत घोटून, फडक्यातून गाळून, दुधात थंडाई करतात. खसखशीत मॉर्फिनचा (अफूतील वेदनाशामक द्रव्याचा) अल्प अंश असू शकतो. स्पर्धाकाळात मॉर्फिन निषिद्ध असून मूत्रातील त्याची मर्यादा प्रतिमिलिलिटर १ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून चाचणी असलेल्या स्पर्धेच्या तोंडावर खसखस वगळणेच इष्ट. भांगेला तर स्पर्धाकाळात मुभाच नाही.

आज सर्वांत घातक म्हणावे असे द्रव्य मेफेन्टरमीन हे आहे. पाठीच्या मणक्यात भूल दिल्यावर रक्तदाब उतरला, तर तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते हे इंजेक्शन. ते नॉरॲड्रिनलीन (हृदय व रक्तवाहिन्यांना चेतविणारे शरीरातील द्रव्य) मुक्त करते, त्यामुळे हृदयाचा जोर वाढतो व थकवा जाणवेनासा होतो. शरीरात त्याच्या काही भागाचे फेन्टरमीन बनते. दोन्ही द्रव्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत. घामाने पाणी कमी झालेल्या, आधीच धापा टाकणाऱ्या मल्लाच्या हृदयाची लय यामुळे बिघडू शकते, आणि दम संपल्याची जी सूचना शरीराने द्यायची तीच दाबली जाते. या औषधाची सवयही लागते.

मेथॅन्डिनोन, स्टॅनोझोलोल यांसारखी स्टेरॉइडे स्नायू वाढवितात, पण तोंडावाटे घेतल्यास यकृताला बाधतात. महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ मध्ये मेथॅन्डिनोन आढळले. घातपाताचा त्यांचा दावा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने (नाडा) मान्य केला. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तो अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली.

वजन उतरविण्यासाठी घेतले जाणारे फ्युरोसेमाइड हे मूत्रल (लघवी वाढविणारे औषध) मुख्यतः मॅटवरच्या वजनगटांचा प्रश्न आहे. फडात जोड बहुधा नजरेने व नावलौकिकावर ठरते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये संमत झाला. गावच्या इनामी कुस्तीत मात्र नमुने घेण्याची रीत नाही. तेथे पोराच्या पिशवीवर नजर ठेवणारा वस्तादच असतो.