डिस्क एकेकट्या जात नाहीत

सर्व्हरमधल्या आठ डिस्कांच्या अ‍ॅरेमधली, म्हणजे एकत्र बांधलेल्या संचातली, एक डिस्क जाते. अंबर दिवा लुकलुकू लागतो, एएमसीवाल्याला फोन जातो, दुसऱ्या दिवशी नवी डिस्क येते आणि रीबिल्ड, म्हणजे गेलेली माहिती तिच्यावर पुन्हा भरणं, सुरू होतो. तो निम्म्यावर आलेला असताना दुसरी डिस्क मान टाकते आणि व्हॉल्यूम, म्हणजे संचावरचा सगळा साठा, ऑफलाइन! सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये हा किस्सा इतक्या जणांकडे असतो की त्याला योगायोग म्हणणं अवघड जातं. तरी आपण म्हणतो, कारण डोक्यातलं गणित सांगतं की दोन डिस्क एकाच आठवड्यात जाणं जवळपास अशक्य. हे गणित १९८८ साली काही अटी घालून मांडलं गेलं. त्या अटी पुढे एकेक करून कशा सुटत गेल्या ते पाहिलं, की स्टोरेजच्या आजच्या बऱ्याच तक्रारींचा उगम सापडतो.

त्या काळी मोठ्या संस्थांची माहिती आयबीएम ३३८० सारख्या कपाटाएवढ्या डिस्कवर असे. या मालिकेतल्या एका मॉडेलमध्ये साडेसात हजार मेगाबाइट मावत आणि त्याला साडेसहा किलोवॅटच्या आसपास वीज लागे. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी कॉनर कंपनीची १०० मेगाबाइटची छोटी डिस्क आली होती, तिला दहा वॅट पुरत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी विचारलं, की या छोट्या, स्वस्त डिस्क शंभराच्या संख्येने एकत्र बांधून मोठीचं काम का करू नये? १९८८ च्या सिगमॉड या डेटाबेसवरच्या परिषदेत त्यांनी मांडलेल्या शोधनिबंधातून रेड (RAID, म्हणजे स्वस्त डिस्कांचा राखीव माहितीसह बांधलेला संच) हे नाव रूढ झालं.

कल्पनेचे सुटे भाग आधीपासून होते. टँडम कंपनी १९७६ पासून विकत असलेल्या नॉनस्टॉप यंत्रांत डिस्कची जुळी प्रत ठेवण्याची सोय होती. आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८ मध्ये हरवलेली माहिती उरलेल्या माहितीवरून परत मिळवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं होतं. बर्कलीच्या तिघांनी या सगळ्याला एक ते पाच असे क्रमांक दिले (शून्य नंतर चिकटला, त्यात राखीव काहीच नसल्याने तो या कुटुंबात शोभतही नाही) आणि मुख्य म्हणजे हिशेब मांडला.

हिशेब असा. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभर डिस्कांपैकी कुठली तरी एक दर ३०० तासांनी जाणार, म्हणजे दोन आठवडेही धड जाणार नाहीत. अशा यंत्रावर पगारपत्रकही कुणी ठेवणार नाही. आता दर दहा डिस्कांमागे एक जादा डिस्क ठेवा आणि तिच्यावर बाकीच्या दहांचा ताळा, म्हणजे पॅरिटी, लिहा. कुठलीही एक गेली तरी उरलेल्यांवरून आणि ताळ्यावरून तिची माहिती परत काढता येते. डेटा जायला एकाच गटातली दुसरी डिस्क पहिली दुरुस्त होण्याआधी जावी लागते. त्याची सरासरी मुदत निघाली ८,२०,००० तास, म्हणजे नव्वद वर्षांहून जास्त.

३०० चे ८,२०,००० करणारी ही किमया दोन गृहीतकांवर उभी होती. गेलेली डिस्क तासाभरात बदलून पूर्ण भरून निघते, हे एक. प्रत्येक डिस्क आपापल्या वेळेला, शेजारणीशी काही संबंध नसताना बिघडते, हे दुसरं. लेखकांनी यातलं काही लपवलं नव्हतं. स्वतंत्र बिघाडाचं गृहीतक डिस्क बनवणारेच वापरतात आणि आम्ही तेच घेतलं, असं त्यांनी लिहिलं. भूकंपात किंवा विजेच्या झटक्यात ते टिकणार नाही, अशी कंसात पुस्तीही जोडली. हा आकडा फक्त डिस्कच्या यांत्रिक भागाचा आहे, सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्ससकट सगळ्या यंत्रणेचा नाही, हेही सांगितलं. विक्रीच्या पत्रकांत कंस कोण छापतो?

नव्वदच्या दशकात रेड सगळीकडे पोचला. स्कझी जोडणीच्या डिस्कांच्या पेट्या आल्या, चालू यंत्रातून डिस्क ओढून नवी बसवायची सोय आली, राखीव डिस्क आपोआप कामाला लागू लागली. सॉफ्टवेअरने तेच काम करणाऱ्यांत व्हेरिटासचा व्हॉल्यूम मॅनेजर आघाडीवर होता. या कंपनीचं मोठं विकसन केंद्र पुण्यात उभं राहिल्याने मराठी इंजिनिअरांना हा विषय घरचा. डिस्क गेली, बदलली, विसरून गेलो, अशी सवय याच काळात लागली.

पहिली अट मोडली ती तासाभराच्या दुरुस्तीची. कॉनरची डिस्क सेकंदाला सुमारे एक मेगाबाइट वाचायची, म्हणजे अख्खी डिस्क दोन मिनिटांत संपे. आजची २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइटने सलग लिहीत राहिली तरी बावीस तास लागतात, आणि तेही यंत्रावर दुसरं काही चालू नसेल तर. कामाच्या दिवसांत हा रीबिल्ड सहज काही दिवसांवर जातो. क्षमता लाखो पटींनी वाढली, वेग शेकड्यांतच राहिला. या दिवसांत बाकीच्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, आणि कित्येक महिन्यांत कुणी हात न लावलेला, मधेच खराब झालेला सेक्टर नेमका तेव्हा सापडतो. दुसरी डिस्क ‘रीबिल्डमुळे मेली’ असं आपण म्हणतो. बऱ्याचदा ती आधीच आजारी असते, रीबिल्डने फक्त तपासणी केलेली असते. म्हणूनच कंट्रोलरमधला (अ‍ॅरे चालवणाऱ्या कार्डामधला) पेट्रोल रीड किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिममधलं स्क्रब, म्हणजे सगळे सेक्टर अधूनमधून वाचून तपासणं, चालू ठेवायचं असतं, आणि वेग कमी होतो म्हणून तेच बंद केलेलं आढळतं.

साध्या, साटा जोडणीच्या डिस्कांच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारी चूक, असा आकडा असतो. म्हणजे साधारण साडेबारा टेराबाइटला एक. त्यावरून ‘रेड ५ (एकाच डिस्कचं जाणं सोसणारी रचना) संपला’ असा ओरडा बराच झाला. मला तो अतिरंजित वाटतो. तो आकडा उत्पादकाने हमीसाठी घातलेली मर्यादा आहे, आणि चांगल्या डिस्क त्यापेक्षा कितीतरी जास्त वाचून दाखवतात. पण दिशा खरी होती. दोन डिस्क गेल्या तरी तगणाऱ्या रचना, म्हणजे रेड ६ आणि नेटअ‍ॅपने २००४ मध्ये मांडलेली दुहेरी पॅरिटी, याच भीतीतून रुळल्या.

दुसरं गृहीतक जास्त चिवट होतं. त्याला धक्का बसला फेब्रुवारी २००७ मध्ये, सॅन होजेला भरलेल्या, स्टोरेजवरच्या फास्ट परिषदेत. कार्नेगी मेलनच्या बियांका श्रोडर यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या बदलीच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि त्यांचे सहलेखक होते तेच १९८८ चे गार्थ गिब्सन. माहितीपत्रकं दहा ते पंधरा लाख तासांचं आयुष्य सांगत होती, म्हणजे वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्यात. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत बदलाव्या लागत होत्या. आपल्या विषयाला जास्त महत्त्वाचं हे, की एका आठवड्यात जास्त डिस्क गेल्या तर पुढच्या आठवड्यातही जास्तच जात. एका तासाच्या आत दोन डिस्क जाण्याची शक्यता स्वतंत्र बिघाडाच्या हिशेबापेक्षा चौपट निघाली.

त्याच परिषदेत गूगलच्या मंडळींनीही लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास ठेवला. डिस्क स्वतःच धोक्याची सूचना देईल ही आशा १९९२ पासूनची होती. तेव्हा आयबीएमने आपल्या अ‍ॅरेमध्ये तशी सोय केली, १९९५ च्या सुमारास कॉम्पॅकने तिला सर्वसाधारण रूप दिलं आणि तिचं नाव स्मार्ट पडलं. गूगलला दिसलं की पहिली स्कॅन एरर (पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत जाण्याची शक्यता ३९ पट वाढते. पण गेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांवर स्मार्टच्या चारही ठळक खुणांपैकी एकही नव्हती. स्मार्टने वाईट सांगितलं तर ऐकावं, चांगलं सांगितलं तर त्यावर विसंबू नये.

पुढच्याच वर्षी त्याच परिषदेत इलिनॉय विद्यापीठ आणि नेटअ‍ॅप यांचा अभ्यास आला: ३९,००० यंत्रणा, १८ लाख डिस्क. स्टोरेजच्या बिघाडांत डिस्कचा वाटा २० ते ५५ टक्के निघाला. केबल, जोडण्या, पेटी अशा भौतिक दुव्यांचा २७ ते ६८ टक्के. एकाच पेटीतले बिघाड घोळक्याने येतात हेही त्यात दिसलं. १९८८ च्या निबंधाने हिशेबाबाहेर ठेवलेला भाग तो हाच. एकाच स्लॉटमधली डिस्क तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली, तर डिस्कला दोष देणं थांबवून बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड), केबल, एक्स्पांडर (एका जोडणीला अनेक डिस्क लावणारी चिप) आणि पॉवर सप्लाय पाहावा. एकदम चार डिस्क ‘गेल्या’ असं लॉग म्हणत असेल तर बहुधा एकही गेलेली नसते. अशा वेळी घाईने नवा अ‍ॅरे बनवून इनिशियलाइझ करणं, म्हणजे जुनं पुसून कोरी सुरुवात करणं, हाच खरा घात.

धडधाकट डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाण्याचं दुसरं कारण स्वस्ताईतून आलं. डेस्कटॉपची डिस्क एकटी असते, म्हणून वाचता न आलेला सेक्टर ती चिकाटीने पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी मिनिटभरही. रेड कंट्रोलर तेवढं थांबत नाही, डिस्क मेली असं समजतो. सर्व्हरच्या डिस्क सात सेकंदांत हात टेकतात आणि बाकीचं पॅरिटीवर सोडतात. लिनक्सचा नेहमीचा धीर तीस सेकंदांचा, त्यामुळे स्वस्त डिस्कांवर उभारलेल्या अ‍ॅरेत ही भांडणं होतातच.

१९८८ च्या निबंधात कंसात घातलेल्या भूकंपाची भावंडंही पुढे भेटली. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालू होती. वायू सुटताना एवढा आवाज झाला की त्या कंपनांनी डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा दहाएक तास बंद पडल्या. शेजारच्या रॅकमधला वेगळा अ‍ॅरे अशा वेळी काय कामाचा?

माणसाचा वाटा मी थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाला मान्य नाही. टँडमच्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये यंत्रं का बंद पडतात याची मोजणी केली, तेव्हा ४२ टक्के कारणं व्यवस्थापन आणि देखभालीत होती, हार्डवेअरची १८ टक्के. पंधरा-सोळा वर्षांनी खुद्द पॅटरसन आणि त्यांचे विद्यार्थी एरन ब्राउन यांनी लोकांकडून सॉफ्टवेअर रेडची दुरुस्ती करवून घेतली. चुकीची डिस्क ओढण्याची चूक सरावानंतरही होत राहिली. स्लॉटची मोजणी कुठे शून्यापासून, कुठे एकपासून. सिरियल नंबर डिस्कच्या अशा बाजूला की तो वाचायला ती आधी ओढावी लागते. दोष सगळा ओढणाऱ्याचा नाही.

स्वतंत्र बिघाडाच्या गृहीतकाची पुरती शोभा झाली ती मात्र एसएसडीमुळे, म्हणजे चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमुळे. यांत्रिक भागच नाहीत, म्हणजे झिजेचा प्रश्न मिटला, असं वाटलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही सॅस जोडणीच्या एसएसडींबद्दल सूचना काढली: फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) दोषामुळे ही डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडेल. ती आणि तिच्यावरचा डेटा, दोन्ही परत मिळणार नाहीत. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तासांचा मोजणीदार तिथे भरून उलटत होता. तीन वर्षं, २७० दिवस, आठ तास. एकाच दिवशी सर्व्हरमध्ये बसवून चालू केलेल्या आठही डिस्कांची ही घटका एकच येणार, मग रेड ६ असो की जुळी प्रत. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांबद्दल तशीच सूचना आली, या वेळी ४०,००० तासांची. जुलै २०२२ मध्ये हॅकर न्यूज ही तंत्रज्ञानावरच्या चर्चेची साइट बंद पडली तेव्हा मुख्य सर्व्हर आणि राखीव सर्व्हर, दोन्हींच्या एसएसडी काही तासांच्या अंतराने गेल्या होत्या, आणि संशय ४०,००० तासांच्या याच जातीच्या दोषावर गेला. दोन्ही सर्व्हर एकाच सुमारास कामाला लागले होते.

मोठ्या कंपन्यांनी यावर उत्तर काढलं ते पेटी सोडून. गूगलने २००३ मध्ये मांडलेल्या फाइल सिस्टिममध्ये प्रती वेगवेगळ्या रॅकमध्ये ठेवायची सोय होती. ऑनलाइन बॅकअप विकणाऱ्या बॅकब्लेझने १७ भाग डेटाचे आणि ३ पॅरिटीचे करून ते वीस वेगळ्या यंत्रांवर पसरवण्याची रीत आणली. हे ज्याच्याकडे वीस यंत्रं आहेत त्याने करावं. पतपेढी, कारखाना किंवा महाविद्यालयाच्या सर्व्हर खोलीत एकच पेटी असते, आणि तिच्यातल्या डिस्क एका बिलावर, एका लॉटच्या, जवळजवळ सलग सिरियल नंबरांच्या येतात. कंट्रोलरच्या मान्य यादीत मॉडेल आणि फर्मवेअर ठरलेलं असल्याने मेक मिसळणंही सोपं नाही. मग अनुभवी मंडळी डिस्कांचं वय मिसळतात. राखीव डिस्क दुसऱ्या लॉटची मागवायची, वर्ष-दीड वर्षाने चांगली चालणारी एक डिस्क मुद्दाम काढून नवी बसवायची, काढलेली राखीव ठेवायची. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये एसएसडींसाठी हेच सॉफ्टवेअरने करून दाखवलं होतं: पॅरिटीचं लिखाण मुद्दाम असमान वाटायचं, म्हणजे सगळ्या डिस्क एकदम म्हाताऱ्या होत नाहीत. वॉरंटीतली चांगली डिस्क का काढता, या अकाउंट्सच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ३२,७६८ हा आकडा बराच उपयोगी पडतो.