प्राथमिक शिक्षक प्रशिक्षण : मानव्यविद्या आणि धर्मपरिचय (ठाणे जिल्हा)

पहिली ते आठवीच्या वर्गांना परिसर अभ्यास, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि त्यांच्या ओघात येणारी धर्मांची ओळख शिकवण्यासाठी भावी शिक्षकाकडून करून घेतली जाणारी पूर्वतयारी. महाराष्ट्रात या नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम नाही. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका, पूर्वीचे डी.एड.) हे सर्व विषयांचे एकत्रित प्रशिक्षण असून विषयवार शिक्षक सहावी ते आठवीच्या टप्प्यावरच नेमले जातात. मुलांना मात्र धर्म शाळेत पहिल्या दिवसापासून भेटतो : परिपाठातल्या प्रार्थनेत, सणांच्या पाठात, संतांच्या गोष्टीत आणि डब्यात काय आणायचे या गप्पांत.

संज्ञा : ‘धर्मशिक्षण’, ‘धार्मिक शिक्षण’, ‘धर्मपरिचय’ आणि ‘मूल्यशिक्षण’ हे शब्द शैक्षणिक लेखनात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. गोंधळाचे एक कारण भाषिक आहे. इंग्रजीत ‘इन्स्ट्रक्शन’ आणि ‘एज्युकेशन’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोन्हींसाठी ‘शिक्षण’ हा एकच शब्द रूढ झाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मधील मनाई पहिल्या अर्थाची, म्हणजे एखाद्या धर्माची शिकवण देण्याविषयीची, आहे. पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीवाचून अशा शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. जिल्हा परिषद आणि महापालिकांच्या शाळांना यातला पहिला नियम लागू होतो.

या मनाईचा आवाका किती, यावर दीर्घकाळ चर्चा चालू आहे. राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) विद्यापीठीय स्तरावर थोर धर्मपुरुषांची चरित्रे, धर्मग्रंथांतील निवडक उतारे आणि धर्माचे तत्त्वज्ञान असा चढता क्रम सुचवला होता. कोठारी आयोगाने (१९६४–६६) एखाद्या धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट भेद केला व दुसऱ्याचा पुरस्कार केला. गुरू नानकांचे जीवन व शिकवण यांच्या अभ्यासाला धार्मिक शिक्षण म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबातील डी.ए.व्ही. महाविद्यालयाच्या खटल्यात म्हटले. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीच्या १९९९ च्या अहवालाने मूल्यशिक्षणाला धर्मांच्या मूलभूत परिचयाची जोड द्यावी असे सुचवले. अरुणा रॉय खटल्यात (२००२) न्यायालयाने या अहवालाचा आधार घेऊन, धर्मांचा तौलनिक परिचय अनुच्छेद २८ च्या विरोधात जात नाही असा निर्णय दिला. त्याच वेळी अशा पाठांतून एखाद्या पंथाचा प्रचार होण्याचा धोकाही निकालात नोंदवला गेला. शिक्षणशास्त्राच्या काही अभ्यासकांना धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण हा भेद वर्गात टिकणे अवघड वाटते. तो टिकतो, पण शिक्षकाची तयारी झालेली असेल तरच, हे मत अधिक ग्राह्य दिसते. म्हणून या नोंदीत ‘धर्मपरिचय’ हीच संज्ञा वापरली आहे.

इंग्लंडमधील व्यवस्था तुलनेसाठी उपयोगी आहे. तेथे १९४४ च्या कायद्याने धर्मविषयक शिक्षण सक्तीचे झाले. १९८८ च्या कायद्यानंतर ते मूलभूत अभ्यासक्रमाचा भाग असले तरी राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बाहेर आहे. पाठ्यक्रम स्थानिक पातळीवर ठरतो आणि पालक मुलाला त्या तासातून काढून घेऊ शकतात. त्यामुळे ‘मानव्यविद्या व धर्म’ हे प्राथमिक शिक्षकाचे विशेष क्षेत्र तेथे शक्य होते.

इतिहास : मुंबई इलाख्यात देशी शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचे प्रयत्न साधारणपणे १८२० ते १८३० या दशकात मुंबई नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या काळात सुरू झाले असावेत. १८४५ च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गाची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. वुडच्या खलित्यानंतर (शिक्षणधोरणाविषयीचे सरकारी पत्र, १८५४) ट्रेनिंग स्कुले वाढली. त्या काळच्या वर्गांत धर्माला कोणते स्थान होते, याविषयीची साधने तुटपुंजी आहेत. ठाणे जिल्ह्याला अभिमान वाटावा असे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ पासून व पुढे कोसबाडला केले. ते बालवाडीचे आणि वारली मुलांसाठीचे असल्याने या विषयाच्या कडेला येते. परंतु मुलाच्या घरची गाणी, सण व वस्तू घेऊनच शिकवायचे, हा धडा प्राथमिक शिक्षणाला तेथूनच मिळाला. (बोर्डी व कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) उभ्या राहिल्या. ठाण्याची डाएट बदलापूरजवळ रहाटोली येथे आहे.

प्रशिक्षणक्रम व पात्रता : डी.एल.एड. बारावीनंतर दोन वर्षांचे असते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार त्यात २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता (शाळेत राहून प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव) येते : पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. पहिली ते पाचवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) पेपर १ असून त्यातील १५० पैकी ३० गुण परिसर अभ्यासाला असतात. सहावी ते आठवीसाठी पेपर २ आहे. येथे उमेदवार गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांतून एक गट निवडतो व त्याला ६० गुण असतात. मानव्यविद्येचा विशेष शिक्षक म्हणता येईल असा माणूस व्यवस्थेत प्रथम दिसतो तो इथे, सामाजिक शास्त्रांचा पदवीधर शिक्षक म्हणून. बी.एड. पदवी पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी आवश्यक ठरली.

धर्मपरिचयाला वेगळा तास नाही. तो परिसर अभ्यासात, चौथीच्या शिवचरित्रात आणि मूल्यशिक्षणात विखुरलेला आहे. सर्वधर्मसहिष्णुता हे मूल्य टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) लिहिले की काम झाले, अशी समजूत छात्राध्यापकांत (प्रशिक्षणार्थी शिक्षकांत) आढळते आणि ती चिंतेची आहे.

सराव पाठातील भाषा : सणांवरचा पाठ घेताना छात्राध्यापक टाचणात सहज लिहितो, “आपण गणपती बसवतो, ते ईद साजरी करतात.” मराठीतले ‘आपण’ ऐकणाऱ्यालाही कवेत घेते, ‘आम्ही’ घेत नाही, म्हणूनच ‘आपण’ हा शब्द वर्गात जपून वापरावा लागतो. मुंब्रा, भिवंडी किंवा नेरूळच्या वर्गात त्या एका वाक्याने काही मुले ‘ते’ होऊन बसतात. जाणकार मार्गदर्शक शेवटच्या बाकावर बसून निरीक्षण वहीत नेमका हा शब्द अधोरेखित करतो आणि वाक्य बदलून घेतो : “ज्यांच्या घरी गणपती येतो ते आरती करतात, ज्यांच्या घरी ईद असते ते नमाजाला जातात.” दुसरी बाब आदरार्थी रूपांची. बुद्ध, महावीर, येशू, पैगंबर, नानक या सर्वांसाठी क्रियापद सारखेच आदरार्थी हवे. एकासाठी ‘म्हणाले’ आणि दुसऱ्यासाठी ‘म्हणाला’ आले, तर मुलांच्या ते चटकन लक्षात येते. एखाद्या मुलाला “तुमच्यात काय करतात, सांग” असे उभे करणेही टाळावे. सांगायचे की नाही, हे त्याने ठरवावे.

परिसर भेट : या बाबतीत ठाण्याचे छात्राध्यापक भाग्यवान आहेत. मासुंदा तलावाच्या आसपास कौपिनेश्वर मंदिर आणि सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. थोड्याच अंतरावर १८७९ चे शार हशामाईम हे बेने इस्राएलांचे सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ज्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची ओळख चौथीच्या मुलांना शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या) व्याख्येपेक्षा या नावावरून लवकर होते. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर पाचवीपुढच्या इतिहासपद्धतीसाठी उत्तम आहे. तेथील शिलालेखातला शक पूर्वी ७८२ असा वाचला गेला होता, आता ९८२ (इ. स. १०६०) हे वाचन सामान्यतः मान्य आहे. एका अंकाच्या वाचनाने इमारतीचे वय दोनशे वर्षांनी कसे बदलते, हे मुलांना फळ्यावर दाखवता येते. नवी मुंबईत जुनी प्रार्थनास्थळे प्रामुख्याने गावठाणांत आहेत आणि नवी सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाने आखलेल्या सेक्टरांत. घणसोली किंवा करावे येथील आगरी-कोळी मुलांना गावदेवीची जत्रा ठाऊक असते, तर शेजारच्या सेक्टरातल्या मुलांना ती बहुधा ठाऊक नसते; म्हणून भेटीचा आराखडा गावठाणापासून सुरू करणे सोयीचे पडते. ऐरोलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकही अशा आराखड्यात घेता येते. १९५६ च्या धर्मांतराचा पाठ शिकवण्यापूर्वी छात्राध्यापकाने तेथे एकदा स्वतः जाऊन यावे.