उत्तर आलं नाही, तर काय समजायचं?

एसटीने गावी निघालेल्या मुलाला आई सांगते, "पोचलास की मिस्ड कॉल दे." रात्री दोन रिंग वाजतात, फोन कट होतो आणि घरचे निर्धास्त झोपतात. रिंग वाजलीच नाही तर? गाडी घाटात अडकली असेल. मुलगा पोचला असेल, पण फोन करायचं विसरला असेल. किंवा त्याने फोन केला असेल आणि घरच्याच फोनला रेंज नसेल. आईला यातलं नेमकं काय झालं ते कळायला मार्ग नाही. तिला एवढंच दिसतं की फोन वाजला नाही.

अभियांत्रिकीच्या मुलांना डेटा कम्युनिकेशन आणि नेटवर्किंग शिकवताना पहिल्या तासाला मी फळ्यावर हाच प्रसंग मांडतो. पुस्तक उघडलं की मात्र पहिल्याच प्रकरणात ओएसआय या नेटवर्कच्या नमुना आराखड्याचे सात लेयर, म्हणजे थर, येतात. मुलं ते खालून वर आणि वरून खाली पाठ करतात, ओरलला घडाघडा म्हणतात आणि परीक्षा संपली की विसरतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या विषयाच्या पोटात एक अस्सल कोडं आहे: समोरून उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? गेल्या पन्नासेक वर्षांत नेटवर्कचे जे नियम घडले, त्यांतले कितीतरी या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

लॅबमध्ये पहिलं काम सोपं वाटेल असं देतो. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवायची, पण यूडीपी नावाचा नियमसंच वापरून. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड. पेटीत टाकलं की पुढे त्याचं काय झालं ते कुणी कळवत नाही. मुलं प्रोग्रॅम लिहितात, एकाच लॅपटॉपवर चालवून बघतात, फाइल सुखरूप पोचते. मग मी लिनक्समधली नेटेम नावाची सोय वापरून वाटेत मुद्दाम १० टक्के पॅकेट, म्हणजे फाइलचे पाठवलेले तुकडे, गाळायला लावतो. फाइलला भोकं पडतात.

मुलं लगेच उपाय शोधतात. प्रत्येक पॅकेटची पोच मागायची आणि अर्ध्या सेकंदात पोच आली नाही तर तेच पॅकेट पुन्हा पाठवायचं. भोकं बुजतात, पण आता भलताच घोळ होतो: मजकुरातला एखादा तुकडा दोनदा उमटतो. लॅबमधली ती पुढची दहा मिनिटं मला फार आवडतात. सगळे आपापल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत असतात आणि अचानक कुणीतरी म्हणतं, "सर, पॅकेट पोचलं होतं. पोच हरवली." प्रोग्रॅमची काही चूक नव्हती. पॅकेट हरवलं काय किंवा पोच हरवली काय, पाठवणाऱ्याच्या बाजूने दोन्ही सारखंच दिसतं. त्याने पुन्हा पाठवलं, आणि घेणाऱ्याने तो नवा तुकडा समजून फाइलला जोडला.

इथे पॅकेटला क्रमांक द्यायची गरज मुलांना स्वतःच सापडते. एकेक पॅकेट पाठवून त्याच्या पोचेची वाट पाहायची असेल आणि वाटेत पॅकेट मागेपुढे होत नसतील, तर क्रमांकाला ० आणि १ एवढे दोनच आकडे पुरतात. शून्यानंतर पुन्हा शून्य आला की समजायचं, हे जुनंच आहे: टाकून द्यायचं, पण पोच मात्र पुन्हा द्यायची. एका बिटात काम भागतं.

किराणा दुकानात यूपीआयने पैसे देताना हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. खात्यातून रक्कम गेलेली असते, दुकानदाराचा स्पीकर बोलत नाही, स्क्रीनवर 'पेंडिंग' दिसतं. हरवलं ते पैसे देण्याचं फर्मान, की ते पाळल्याची पोच? म्हणूनच प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. त्या क्रमांकाने पुन्हा चौकशी झाली तरी यंत्रणा त्याला जुनाच व्यवहार समजते. आपण घाईने नव्याने स्कॅन केलं की नवा क्रमांक तयार होतो आणि यंत्रणेच्या लेखी तो दुसरा व्यवहार ठरतो. अशा वेळी थोडं थांबा असं जे सांगतात, ते यासाठी.

एकेक पॅकेट पाठवून वाट पाहण्याची ही पद्धत बिनचूक आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेतलं व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर. म्हणजे जायला ६५ मिलिसेकंद, परत यायला तेवढेच. केबल समुद्राच्या तळातून वळणं घेत जातात, वाटेत पॅकेट पुढच्या रस्त्याला लावणारे राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा फेरा २०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. आता दर फेऱ्याला १५०० बाईटचं एकच पॅकेट पाठवलं, तर सेकंदाला पाच पॅकेट होतात, म्हणजे ६० हजार बिट. घरात १०० एमबीपीएसचं फायबर असलं तरी ६० हजारच! उरलेला सगळा वेळ लाइन रिकामी. (व्हर्जिनियाचं उदाहरण मी मुद्दाम घेतो. एर्नेट या आपल्या शैक्षणिक नेटवर्कची अमेरिकेशी जोडणी १९८९ साली मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेतून व्हर्जिनियाशीच झाली होती.) यावर उपाय म्हणजे पहिल्या पॅकेटच्या पोचेची वाट न पाहता मागोमाग बरीच पॅकेट सोडायची. एका वेळी किती पॅकेट पोचेविना वाटेत असू द्यायची, त्या मर्यादेला विंडो म्हणतात. ती किती मोठी ठेवायची, या प्रश्नाने पुढे एकदा इंटरनेट अडवून धरलं. पण त्याआधी हवाईला जाऊन यायला हवं.

हवाई विद्यापीठाचा संगणक ओआहू बेटावर, तर त्याचा वापर करू पाहणारी माणसं इतर बेटांवरही पसरलेली. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओने ही जोडणी केली. नाव ठेवलं अलोहानेट. सगळ्या टर्मिनलांना संगणकाकडे बोलायला एकच रेडिओ वाहिनी होती आणि आता कुणी बोलायचं हे ठरवणारा कुणी नव्हता. नियम विलक्षण साधा होता: बोलायचं असेल तेव्हा बोला. पोच आली नाही, तर समजा की तुमचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या बोलण्यावर आदळलं. मग थोडं थांबा आणि पुन्हा बोला. किती थांबायचं ते मात्र प्रत्येकाने फासे टाकल्यासारखं ठरवायचं. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच वेळी एकाच बाजूला सरकत राहिली तर कुणालाच पुढे जाता येत नाही. दोघं सारखंच वागली की कोंडी, आणि ती फुटते दैवाच्या हवाली केल्यावर. अचूकपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांमध्ये योगायोगाला इतकं मानाचं स्थान आहे, हे मुलांना नेहमी चकित करतं.

या पद्धतीची मर्यादा काढणं हा परीक्षेतला हमखास प्रश्न. माझं पॅकेट सुखरूप जायला हवं असेल, तर ते चालू असताना दुसरं कुणी सुरुवात करता कामा नये आणि ते सुरू होण्याआधीच्या तेवढ्याच वेळातही कुणी सुरुवात केलेली नसावी. धोका एका पॅकेटच्या दुप्पट वेळाचा. गणित मांडलं की वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ कामी येतो. पुढे सुधारणा आली: वेळेचे समान कप्पे पाडा आणि प्रत्येकाने कप्प्याच्या सुरुवातीलाच बोला. धोक्याचा वेळ निम्मा झाला आणि मर्यादा ३६.८ टक्क्यांवर गेली. नुसतं घड्याळ जुळवून दुप्पट! आपला मोबाइल टॉवरशी पहिल्यांदा संपर्क साधतो तेव्हा आजही याच जातीची पद्धत वापरतो.

१९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी अलोहाची कल्पना तारेवर आणायचं ठरवलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह इथरनेट घडवलं. तारेवर एक सोय होती: बोलता बोलता ऐकता येतं. आपण पाठवलं तेच तारेवर ऐकू येतंय ना, हे तपासत राहायचं. वेगळं काही ऐकू आलं तर टक्कर झाली. काहीच वेगळं ऐकू आलं नाही, तर पोचलं असं धरायचं. अलोहात शांतता म्हणजे अपयश होतं, इथरनेटमध्ये ती यशाची खूण झाली.

पण त्यासाठी एक अट पाळावी लागते. दूरच्या टोकाला झालेल्या टकरीचा परिणाम आपल्यापर्यंत परत येईस्तोवर आपलं बोलणं चालू असलं पाहिजे. आधीच बोलून मोकळे झालो, तर टक्कर होऊनही आपण 'पोचलं' असं समजून बसू. म्हणून १० एमबीपीएसच्या इथरनेटमध्ये फ्रेमची, म्हणजे तारेवर जाणाऱ्या पॅकेटची, किमान लांबी ६४ बाईट ठरली: ५१२ बिट, ५१.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येणं व्हायलाच हवं. पुस्तकात ही संख्या चौकटीत छापलेली असते आणि मुलं ती पाठ करतात. तिच्यामागे तारेची लांबी आणि विजेचा वेग आहे हे कळलं की पाठ करावी लागत नाही. आज स्विच नावाच्या यंत्रामुळे प्रत्येकाची तार वेगळी झाली आहे, टकरी संपल्या आहेत, तरी ६४ बाईटचा नियम तसाच आहे.

वायफायमध्ये पुन्हा उलटं. स्वतःच्या रेडिओच्या आवाजापुढे दुसऱ्याचं ऐकू येणं अवघड, म्हणून तिथे प्रत्येक फ्रेमची पोच लागते. २.४ गिगाहर्ट्झवर ती अवघ्या १० मायक्रोसेकंदांच्या विरामानंतर येऊ लागते.

आता विंडोकडे वळू. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या वरच्या अंगाला, टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. दोन्हीमधलं अंतर ४०० यार्ड, म्हणजे पावणेदोन फर्लांगांहून थोडं जास्त, पाच मिनिटांची चाल. या दोन ठिकाणांमधला डेटाचा वेग एके दिवशी सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. आठशेपट घसरण. आज आपलं एक देवनागरी अक्षरचिन्ह साठवायला २४ बिट लागतात. त्या हिशोबाने तीन सेकंदांत पाच अक्षरं. कागदावर लिहून माणसाहाती पाठवलं असतं तर लवकर पोचलं असतं.

तार तुटली नव्हती, यंत्रं बिघडली नव्हती. गर्दी वाढली तशी पॅकेट राउटरच्या रांगेत तिष्ठू लागली. पोच यायला उशीर झाला. पाठवणाऱ्यांनी शांततेचा अर्थ लावला: हरवलं. म्हणून त्यांनी पुन्हा पाठवलं. त्याने रांग आणखी वाढली, पोच आणखी लांबली, पुन्हा पाठवणं आणखी वाढलं. राउटर राबत होते, पण एकाच पॅकेटच्या प्रती वाहून नेण्यात. प्रत्येक संगणक आपापल्या परीने शहाण्यासारखा वागत होता आणि सगळे मिळून रस्ता बंद पाडत होते.

व्हॅन जेकबसन तेव्हा त्याच प्रयोगशाळेत होते. माईक केरल्स यांच्यासोबत त्यांनी कारणं शोधली आणि १९८८ साली उपाय प्रसिद्ध केले. पहिला उपाय वाट पाहण्याविषयी आहे. समजा, एक एसटी रोज सातला येते. दुसरी कधी साडेसहाला, कधी साडेसातला येते, पण तिचीही सरासरी सातच. सव्वासातपर्यंत पहिली आली नाही तर ती आज यायची नाही असं म्हणता येईल, दुसरीबद्दल नाही. किती थांबायचं हे सरासरीवरून ठरत नाही, वेळ किती हेलकावे खाते हेही बघावं लागतं. पोच घेत घेत डेटा पोचवणारा इंटरनेटचा नियमसंच म्हणजे टीसीपी. आधीचा टीसीपी सरासरीची ठरावीक पट धरून चालायचा. जेकबसन यांनी हेलकाव्यांचाही हिशोब ठेवायला लावला. आज टीसीपी सरासरीत त्या चढउताराची चौपट मिळवून तेवढा वेळ थांबतो.

दुसरा उपाय मला त्याहून मोठा वाटतो. पॅकेट हरवलं तर दोष स्वतःकडे घ्यायचा. पोच आली नाही म्हणजे रस्त्यावर गर्दी आहे आणि त्या गर्दीत मीही आहे, असं धरून आपला वेग कमी करायचा. विंडोची सुरुवात एका पॅकेटने, पोच येत गेली की दोन, चार, आठ. हरवलं की हात आखडता घ्यायचा आणि नंतर दर फेऱ्याला एकेक पॅकेट वाढवत पुन्हा सावकाश वर यायचं. कुणी पोलीस नाही, परवाना नाही, रस्ता किती रुंद आहे हे कुणी सांगत नाही. प्रत्येक संगणक केवळ शांततेवरून अंदाज बांधून इतरांसाठी जागा सोडतो. मी हे दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी मला ते तितकंच सुंदर वाटतं.

सत्राच्या शेवटी मी एक कोडं घालतो. दोन मित्रांना पहाटे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी भेटायचं आहे. दुसरा नक्की येणार असेल तरच निघायचं, असं दोघांनीही ठरवलंय. मेसेज वाटेत हरवू शकतात. पहिला कळवतो, "पाचला ये." दुसरा उत्तर देतो, "येतो." पण हे 'येतो' पोचलं का, हे दुसऱ्याला कसं कळणार? पहिल्याने त्याची पोच द्यावी. मग त्या पोचेची पोच? कितीही मेसेज झाले तरी शेवटच्या मेसेजचं काय झालं हे तो पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. आणि तो हरवला तरी चालत असेल, तर मुळात त्याची गरजच नव्हती. ही अडचण हुशारीने सुटणारी नाही. ती सुटू शकत नाही, हे १९७५ पासून माहीत आहे.

टीसीपीलाही ती सुटलेली नाही. संभाषण संपवताना दोन्ही संगणक एकमेकांचा निरोप घेतात, पण शेवटच्या पोचेची पोच कुणी द्यायची? म्हणून ती शेवटची पोच पाठवणारा संगणक लगेच जात नाही. आपली पोच हरवली असेल, समोरचा पुन्हा एकदा निरोप घ्यायला येईल, म्हणून थोडा वेळ दारातच थांबतो. लॅबमध्ये टीसीपीने फाइल पाठवून झाल्यावर मुलं टर्मिनलवर चालू जोडण्यांची यादी काढतात, तेव्हा संपलेल्या जोडणीपुढे 'टाइम वेट' असे शब्द दिसतात. लिनक्सवर ते ६० सेकंद राहतात. तेवढ्यात कुणी आलं नाही, की ती ओळ यादीतून निघून जाते.