दर्या, दऱ्या आणि बंद पडणारे आयफोन

‘तेलुगूत एक अक्षर आहे, त्यात व्हायरस भरलेला असतो. मेसेज उघडला की आयफोन गेलाच.’ २०१८ सालची ही गोष्ट गेल्या महिन्यात मला पुन्हा ऐकायला मिळाली, आणि सांगणारे गृहस्थ स्वतः सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. ते अक्षर कुठलं होतं हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. ते होतं ‘ज्ञा’. आपल्या ज्ञानेश्वरांच्या नावातला ज्ञा, तेलुगू लिपीत लिहिलेला. त्यात व्हायरस नव्हता. एखाद्या अक्षराला शापित ठरवणं आणि मांजर आडवी गेली म्हणून घरी परतणं यात मला फारसा फरक दिसत नाही. म्हणूनच नेमकं काय घडलं ते नीट सांगावंसं वाटतं, कारण त्या घटनेचं मूळ आपल्या बाराखडीत आणि जोडाक्षरांत आहे.

आधी तारखा. ॲपलने २३ जानेवारी २०१८ रोजी आयओएस या आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची ११.२.५ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. दुसऱ्याच दिवशी, २४ जानेवारीला, पुढच्या ११.३ ची पहिली बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, डेव्हलपरांच्या हाती आली. फेब्रुवारीच्या मध्यावर बातमी पसरली की एक विशिष्ट तेलुगू मजकूर दाखवायला गेलं की ११.२.५ वर मेसेज, व्हॉट्सॲप, ट्विटर अशी ॲप बंद पडतात. तो मजकूर नोटिफिकेशनमध्ये आला तर होम स्क्रीन चालवणारा स्प्रिंगबोर्ड हा प्रोग्रामच कोसळायचा. ॲप पुन्हा उघडलं तरी ते पहिल्यांदा तोच मेसेज दाखवायला जाणार आणि पुन्हा पडणार. १९ फेब्रुवारीला ११.२.६ आली आणि बिघाड दूर झाला. पण त्या मधल्या दिवसांतही ज्यांच्या फोनवर ११.३ ची बीटा होती, त्यांच्याकडे हे घडतच नव्हतं. सर्वांसाठीची ‘पक्की’ आवृत्ती पडत होती आणि ‘कच्ची’ म्हणवली जाणारी उभी होती.

त्या बीटाबद्दल तेव्हा काय छापून आलं? सिंह, अस्वल, ड्रॅगन आणि कवटी असे चार नवे ॲनिमोजी, म्हणजे आपल्या चेहऱ्याबरोबर हलणारी चित्रं. कॅमेऱ्यातल्या दृश्यात आभासी वस्तू मांडणारं, आता भिंतीसारखे उभे पृष्ठभागही ओळखणारं एआरकिट १.५. आणि दुसऱ्या बीटात आलेली बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय. ही शेवटची गोष्ट खरोखर महत्त्वाची होती. जुन्या लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला की तिचा विद्युतदाब कोसळतो आणि फोन अचानक बंद होतो. ते टाळायला ॲपलने २०१७ च्या सुरुवातीपासून काही जुन्या मॉडेलांचा वेग गरजेनुसार कमी केला होता आणि डिसेंबरात तसं जाहीरपणे मान्य केलं. ‘अपडेट घेतलं की फोन मंदावतो’ या समजाला इथे खरा आधार होता. ग्राहकाला आधी न सांगता हे करणं चूकच होतं, आणि ११.३ ने ते बंद करण्याचा पर्याय दिला ते बरं झालं.

मला मात्र यापेक्षा ११.२.६ च्या नोंदीतली एक ओळ जास्त मोलाची वाटते. तिचा आशय एवढाच होता: काही अक्षरक्रम वापरल्यास ॲप बंद पडू शकत होती, ती अडचण दूर केली आहे. त्या ‘काही अक्षरक्रमां’त देवनागरीही होती.

हे समजायला फोनच्या पोटात मराठी कशी साठवली जाते ते पाहावं लागेल. फोनला अक्षराचा आकार माहीत नसतो, क्रमांक माहीत असतो. युनिकोड या जागतिक यादीत ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे, ‘र’ चा २३५२. पाय मोडण्याची जी खूण, जिला आपण हलन्त म्हणतो, तिचा २३८१. जोडाक्षरांना वेगळे क्रमांक नाहीत. ‘क्र’ म्हणजे २३२५, २३८१, २३५२. आता हेच तीन क्रमांक उलट वाचा: २३५२, २३८१, २३२५. हा झाला ‘र्क’, अर्कातला. तेच तीन आकडे, पण एकीकडे र खाली तिरकी रेघ होऊन क च्या पायाशी गेला, दुसरीकडे रफार होऊन डोक्यावर चढला.

यापुढे आपल्या मराठीचीच एक जोडी घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्याचे क्रमांक २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. दुसऱ्याचे २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६. समुद्र आणि दरी यांच्यात एका अंकाचा फरक. २३५३ हा ‘ऱ’ चा स्वतंत्र क्रमांक. त्याचा पाय मोडला की रफार न होता तो य ला डावीकडून चिकटणारी, पापणीसारखी वळलेली रेघ होतो. हिंदीत तिची गरज पडत नाही, मराठीचं मात्र तिच्यावाचून पानोपानी अडतं.

क्रमांकांवरून आकार घडवण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामला शेपर म्हणतात. अँड्रॉइडवर आणि फायरफॉक्समध्ये हार्फबझ नावाचा खुला शेपर हे करतो, ॲपलकडे कोअरटेक्स्ट आहे. इंग्रजीत शेपरला फार डोकं चालवावं लागत नाही: एक क्रमांक, एक आकार, शेजारी ठेवा, पुढे चला. आपल्या लिपीत त्याची खरी परीक्षा असते, कारण मनात उच्चारतो तो क्रम आणि डोळ्याला दिसतो तो क्रम वेगळा. ‘कि’ मध्ये क आधी साठवलेला असतो आणि वेलांटी नंतर, पण काढायची असते वेलांटी आधी.

‘कार्यकर्त्यांनी’ हा सभेच्या प्रत्येक बातमीत येणारा शब्द घ्या. त्यातल्या ‘र्त्यां’ या एका तुकड्यात र, हलन्त, त, हलन्त, य, काना, अनुस्वार असे सात क्रमांक आहेत. शेपर आधी ठरवतो की हे सातही एकाच अक्षराचे घटक आहेत. मग सुरुवातीला ‘र + हलन्त’ दिसला की तो रफार म्हणून बाजूला काढतो. मग या अक्षराचा कणा कोणता, म्हणजे कुठलं व्यंजन पूर्ण लिहायचं, ते शोधतो, आणि हा शोध शेवटाकडून मागे घेतो. य हे पूर्ण लिहायचं व्यंजन आहे, तर तोच कणा. त्याच्या आधीचा त अर्धा झाला. आता बाजूला काढलेला रफार उचलून थेट शेवटी, कान्याच्या डोक्यावर, अनुस्वाराच्या शेजारी नेऊन ठेवायचा. साठवणुकीत जो पहिला होता तो चित्रात जवळजवळ शेवटचा झाला.

‘राष्ट्रीय’ मधल्या ‘ष्ट्री’ मध्ये हाच शोध थोडा वेगळा चालतो. मागून पहिलं व्यंजन र लागतं. पण र ला दुसऱ्याच्या पायाशी जाऊन बसण्याची सवय आहे, म्हणून त्याला कणा मानायचं नाही. आणखी मागे जा, ट सापडतो, तो कणा. देवनागरीत पायाशी बसणारं मुख्य व्यंजन र हेच. बंगालीत र आणि य. आणि तेलुगूत? तिथे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, कुठलंही असो, पायाशी किंवा बाजूला जोडून बसतं. त्यामुळे तेलुगूच्या ज्ञा मध्ये ञ ची जी भूमिका, तीच आपल्या क्र मध्ये र ची.

आता त्या जीवघेण्या ठरलेल्या ज्ञा मध्ये पाच क्रमांक होते: ज, हलन्त, ञ, मग एक न दिसणारी खूण आणि शेवटी आ ची मात्रा. न दिसणाऱ्या खुणेचं नाव झिरो विड्थ नॉन-जॉइनर, क्रमांक ८२०४. तिला रुंदी नाही, आकार नाही, ती फक्त ‘इथे जोडू नका’ असं सांगते. फारसीत ती रोजच्या लिखाणात लागते. मराठीतही ती आपण पाहतो. ‘वाक्‌प्रचार’ लिहिताना क चा पाय मोडलेला दिसावा, त्याने प्र ला चिकटू नये असं वाटलं, तर हलन्तानंतर हीच खूण द्यायची. तिची जागा म्हणजे हलन्ताच्या लगेच पुढे. त्या मजकुरात मात्र ती दुसऱ्या व्यंजनानंतर, मात्रेच्या आधी आली होती. तिथे तोडण्यासारखं काहीच नव्हतं. व्याकरणाच्या दृष्टीने निरर्थक, पण नियमाने लिहिता येण्याजोगी जागा. ती खूण काढली की उरलेला साधा ज्ञा अगदी निरुपद्रवी होता.

अभ्यासकांनी निरनिराळे क्रम लिहून पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झालं: व्यंजन, हलन्त, पायाशी किंवा बाजूला बसणारं दुसरं व्यंजन, ही न दिसणारी खूण आणि मात्रा, असा क्रम तेलुगूत, बंगालीत आणि देवनागरीत, तिन्हीकडे कोसळवणारा होता. देवनागरीत दुसरं व्यंजन र हवं आणि पहिलं र नको. म्हणजे ‘क्रा’ च्या मध्ये ती खूण शिरली असती तर तोच प्रकार मराठी मेसेजने घडला असता. बातम्यांत मात्र ‘तेलुगू बग’ हे नाव कायमचं बसलं, आणि ते तेलुगूवर अन्याय करणारं आहे.

तीन लिप्यांत एकच चूक कशी? इथे मला या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट सांगता येते. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी भारताच्याच इस्की या मानकावरून घेतली. प्रत्येक लिपीला १२८ घरांची एक चाळ, आणि प्रत्येक चाळीत त्याच ध्वनीचं अक्षर त्याच क्रमाच्या खोलीत. देवनागरी क २३२५, त्यात १२८ मिळवा, बंगाली क २४५३. ७६८ मिळवा, म्हणजे सहा चाळी पुढे जा, तेलुगू क ३०९३. आपल्या परंपरागत वर्णमालेचा क्रम असा संगणकाच्या यादीत जसाच्या तसा उभा आहे. त्यामुळे या लिप्यांना आकार देण्याची रीतही बरीचशी सामाईक राहते: तुकडा पाडा, कणा शोधा, घटक हलवा. सामाईक रीतीत एक भोक राहिलं तर ते साऱ्या चाळींत गळतं.

ॲपलच्या सुरक्षा-नोंदीत कारण दिलं आहे ते मेमरी करप्शन, आणि उपाय म्हणजे येणाऱ्या मजकुराची अधिक कसून तपासणी. मेमरी करप्शन म्हणजे काय? पंगतीत पाच पाट मांडले आहेत. वाढपी पाटाचे क्रमांक पाहून वाढतो. कुणी पाहुण्यांची अदलाबदल केली आणि यादीत सहावा पाट लिहिला गेला, तर वाढपी जमिनीवर वाढतो, किंवा शेजारच्या पंगतीतल्या ताटात. संगणकात ते शेजारचं ताट दुसऱ्याच कामाचं असतं. ते बिघडलं की प्रोग्राम थांबवण्याखेरीज मार्ग राहत नाही. अक्षरांची जागा बदलण्याचं काम जिथे जास्त, तिथे अशा चुकीला वाव जास्त. २०१५ च्या मे महिन्यात आयफोन बंद पाडणारा एक ‘अरबी मेसेज’ गाजला होता. त्या अरबी मजकुरात आपल्या दीर्घ ॡ ची मात्राही होती. तो बिघाड ८.४ मध्ये दूर झाला.

मग ११.३ ची बीटा कशी वाचली? ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड एका खोडासारखा वाढत असतो आणि प्रत्येक आवृत्तीसाठी त्यातून फांदी काढली जाते. लवकर बाहेर पडणारी फांदी गोठवतात, तिच्यात फक्त अत्यावश्यक दुरुस्त्या जातात. पुढची फांदी नव्या कोडवर वाढते. एखादा बिघाड पुढच्या फांदीवर नसेल आणि मागची लोकांच्या हातात पडत असेल, तर तेवढीच दुरुस्ती मागे आणून छोटी आवृत्ती काढतात. बातमी ते ११.२.६ हा प्रवास चार-पाच दिवसांत झाला. ११.३ स्वतः २९ मार्चला आली. म्हणून बीटा म्हणजे निव्वळ धोका असं मी मानत नाही. रोजच्या फोनवर ती टाकू नये, टाकायचीच तर आधी बॅकअप घ्यावा, हे खरंच. पण पुढच्या फांदीवर चढून पाहिल्याशिवाय तिथे आपली लिपी कशी वाढते आहे हे कळत नाही.

माझ्याकडे एक जुना फोन केवळ यासाठी ठेवलेला आहे. नवी प्रिव्ह्यू, म्हणजे बीटासारखी चाचणीची आवृत्ती, आली की त्यावर घालतो आणि नोट्समध्ये एक ठरलेली यादी चिकटवतो: दर्या, दऱ्या, वाक्‌प्रचार, कार्यकर्त्यांनी, राष्ट्रीय, आणि शेवटी क्रा च्या पोटात ८२०४ घातलेला तो क्रम. यादी लहान अक्षरात पाहतो, ठळक करून पाहतो, नोटिफिकेशनमध्ये येऊ देतो, कारण तिथे मजकूर मध्येच कापला जातो. एकदा एका कंपनीच्या प्रिव्ह्यूमध्ये साधं अक्षर नीट होतं, पण ठळक केलं की ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होत होता. ठळक फाँटमध्ये त्या पापणीच्या रेघेचा नियमच राहून गेला होता. मी तक्रारीत दोन्ही शब्दांचे स्क्रीनशॉट जोडले आणि खाली पाच-पाच क्रमांक लिहिले, म्हणजे मराठी न येणाऱ्या अभियंत्यालाही २३५२ आणि २३५३ यांतला फरक दिसावा. उत्तर आलं नाही. दोन प्रिव्ह्यू तसेच गेले. तिसरी घातली, यादी चिकटवली, सगळी ओळ निवडून ठळक केली, आणि दऱ्या दऱ्याच राहिल्या. बदलांच्या नोंदीत नव्या वॉलपेपरांच्या, नव्या आयकनच्या खाली, अगदी तळाशी लिहिलं होतं: मजकूर दाखवण्यातल्या किरकोळ दुरुस्त्या.