अस्थी : विषमदिक् संगणकीय प्रतिमाने

हाडाचा ताठरपणा आणि बळ दिशेनुसार बदलते, हे धरून भाराखालील हाडाचे गणित संगणकावर मांडण्याची पद्धत. मांडीच्या हाडाच्या दांड्यातील घन अस्थीचा यंग गुणांक (ताठरपणाचे माप) लांबीच्या दिशेने सुमारे १७, तर आडव्या दिशेने सुमारे ११.५ गिगापास्कल भरतो (रायली व बर्स्टाइन, १९७५). आडवी ताणल्यास ती उभ्या ताणाच्या निम्म्याहून कमी प्रतिबलाला (एकक क्षेत्रफळावरील बलाला) तुटते. ऑस्टिऑन नावाचे सूक्ष्म दंडगोल हाडाच्या लांबीला जवळपास समांतर असतात, हे त्याचे मुख्य कारण.

हाडाची रचना भाराच्या दिशांना अनुसरते, या विचाराचे मूळ वादग्रस्त आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक उभे चिरले की आतल्या जाळीदार अस्थीच्या पट्टिका खुब्याच्या गोळ्यापासून मानेच्या खालच्या कडेकडे उतरताना दिसतात. दुसरा संच त्यांना छेदत कमानीसारखा बाहेरच्या बाजूला जातो. ही रचना भार पेलणारी आहे, असे इंग्लंडमध्ये वॉर्ड यांनी १८३८ मध्येच सुचवले होते. पण सहसा श्रेय झुरिचला दिले जाते. तेथे १८६६ च्या सुमारास शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मेयर यांचे छेद पाहून अभियंते कार्ल कुलमान यांना त्यांत प्रमुख प्रतिबलांच्या रेषा (सर्वाधिक ताण व दाब ज्या दिशांनी पडतात त्या) दिसल्या. जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८७० पासून हा विचार पुढे नेला व १८९२ च्या ग्रंथात त्याला गणिती नियमाचे रूप दिले. मात्र प्रमुख प्रतिबलांच्या रेषा नेहमी काटकोनात छेदतात, पट्टिका सर्वत्र तशा छेदत नाहीत. शिवाय कुलमान यांनी तुलनेसाठी घेतलेली वक्र क्रेन भरीव व एकजिनसी होती आणि स्नायूंची ओढ तीत नव्हती. त्यामुळे वोल्फ यांच्या काटेकोर दाव्यापेक्षा शरीररचनाशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म रू यांची कार्यानुरूप घडणीची, म्हणजे वापराप्रमाणे अवयव घडत जातो ही, कल्पना (१८८१) ग्राह्य मानणे अधिक योग्य.

वस्तू लहान घटकांत विभागून गणित करणारी फायनाइट एलिमेंट पद्धत हाडांच्या अभ्यासात १९७२ च्या सुमारास आली. समदिक् (सर्व दिशांना सारख्या) पदार्थाला दोन स्थितिस्थापक स्थिरांक (भाराखाली पदार्थ किती विरूपतो हे सांगणारे आकडे) पुरतात. दांड्याची अस्थी अक्षाभोवती सारखी मानली तर पाच, तीन परस्परलंब दिशा वेगळ्या धरल्यास नऊ लागतात. जाळीदार अस्थीत नुसती घनता पुरत नाही, कारण घनता सारखी असूनही पट्टिकांच्या रोखामुळे ताठरपणा बदलतो. हा रोख मोजणाऱ्या रचना-प्रदिशाचा (दिशांनुसार मांडलेल्या आकड्यांच्या संचाचा) स्थितिस्थापकतेशी संबंध स्टीफन काउइन यांनी १९८५ मध्ये मांडला. सूक्ष्म सीटीच्या (क्ष-किरणांनी बारीक त्रिमितीय प्रतिमा घेण्याच्या तंत्राच्या) प्रतिमेतील प्रत्येक घन ठिपका हाच घटक मानण्याची रीत १९९० च्या दशकात रुळली.

रुग्णालयातील सीटीत मात्र पट्टिका सुट्या दिसत नाहीत. त्यांची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असल्याने घनता मिळते, रोख हरवतो. तो शवांच्या हाडांवरून घेतात किंवा भाराखालील प्रमुख प्रतिबलांवरून ठरवतात. पडताळणीसाठी दान मिळालेली हाडे यंत्रात मोडेपर्यंत दाबून मोजलेला भार प्रतिमानाच्या भाकिताशी ताडतात.